बाराव्या शोचा ठसा

तो माणूस सलग तिसऱ्या दिवशी माझ्या क्लिनिकच्या बाकावर येऊन बसला, आणि तिसऱ्या दिवशीही त्याच्याबरोबर कुत्रा नव्हता.

मी जनावरांची डॉक्टर. गोडादऱ्याच्या रस्त्यावर माझं क्लिनिक आहे. आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. ‘मॅडम, यानं काहीच खाल्लं नाही हो,’ असं छातीठोक सांगतात, आणि एक्स-रेमध्ये पोटात स्कूटरची चावी दिसते. अशी वर्षं काढल्यावर माणसाचा स्वभाव संशयी होतो. माझा नवरा म्हणतो, तुझा आधीपासूनच होता. असेल.

बाकावरचा माणूस पासष्टीच्या पुढचा, वाळलेला, पांढरा शर्ट, पायजमा. पहिल्या दिवशी वाटलं, गाईम्हशीचं औषध हवं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, उन्हातून येऊन पंख्याखाली टेकला असेल. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “बाबा, काय काम आहे?”

“ताई, डॉग शोचं जुनं रजिस्टर तुमच्याकडे आहे म्हणतात.”

मी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. रजिस्टर माझ्याकडे आहे हे चार माणसांनाही माहीत नव्हतं.

“कुणी सांगितलं?”

“ऐकलं. मला बाराव्या शोचं पान बघायचं आहे. बघून लगेच देतो.”

“क्लबची वस्तू आहे. दाखवता येणार नाही. नाव काय तुमचं?”

“भिला.”

तो उठून गेला. मी आत जाऊन कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. नाव माझ्या ओळखीचं होतं.

आता रजिस्टरची भानगड सांगते. आमच्या या गुजराती शहरात दर हिवाळ्यात एक डॉग शो होतो. आज मुंबई, पुणे, अहमदाबादहून लोक एसी गाडीतून कुत्रे घेऊन येतात, पण सुरुवात झाली ती कापडाच्या धंद्यातल्या पाच-सहा शेठ लोकांच्या हौसेतून. शाळेचं मैदान, चुन्यानं आखलेली रिंग, आणि बक्षीस म्हणून चांदीचा फिरता कप. नियम असा की एकाच कुत्र्यानं ओळीनं तीन वर्षं ‘बेस्ट इन शो’, म्हणजे सगळ्या जातींमधून पहिला नंबर, मिळवला तर कप कायमचा त्याच्या मालकाचा. एवढ्या वर्षांत हे एकदाच घडलं. बादशाह नावाच्या अल्सेशियननं दहावा, अकरावा आणि बारावा शो मारला. मालक म्हणजे क्लबचे तेव्हाचे प्रेसिडेंट. त्यांना सगळे मोठे शेठ म्हणत. ते आता हयात नाहीत. हल्ली त्यांचा मुलगा जयंतभाई प्रेसिडेंट आहे. शहराबाहेर सचिन नावाचं गाव आहे, तिथे त्याची कापड रंगवायची प्रोसेसिंग मिल आहे. माणूस बरा, पण बापाचं नाव निघालं की सरसावून बसतो.

यंदा शोचं पन्नासावं वर्ष, म्हणून इतिहासाचं पुस्तक छापायचं ठरलं. काम कुणाच्या गळ्यात पडलं? माझ्या. मी शोची अधिकृत व्हेट, त्यातून लिहितावाचता येणारी, आणि फुकट. जयंतभाईनं घरातल्या लोखंडी कपाटातून दोन वह्या काढून दिल्या. एक कमिटीच्या मिटिंगचं बुक. दुसरं ठशांचं रजिस्टर.

ठसे कसले, तर नाकाचे. माणसाच्या बोटांवर जशा रेघा, तशी कुत्र्याच्या नाकावर बारीक दाणेदार नक्षी असते. प्रत्येकाची वेगळी, आणि जन्मभर तीच राहते. हल्ली कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप घालतात. तेव्हा ती नव्हती. लोक एका कुत्र्याच्या कागदांवर दुसराच कुत्रा आणून उभा करायचे. म्हणून मोठ्या शेठनी स्वतः नियम केला की रिंगमध्ये जाण्याआधी प्रत्येक कुत्र्याचं नाक पुसायचं, खायचा काळा रंग लावायचा आणि रजिस्टरमध्ये छापायचं. हे काम त्यांच्याच बंगल्यावर कुत्री सांभाळणाऱ्या माणसाकडे होतं. त्याचं नाव भिला.

आणि मिटिंग बुकात बाराव्या शोनंतर आठ दिवसांनी झालेला ठराव होता. ‘प्रेसिडेंटसाहेबांचा नवाब नावाचा कुत्रा, बादशाहचा सख्खा भाऊ, शोच्या महिनाभर आधी नोकर भिला याने चोरून विकला. सबब भिला व त्याचे घरचे यांस क्लबच्या कोणत्याही शोत प्रवेश नाही.’

हा तो भिला. मी जयंतभाईला फोन लावला.

“डॉक्टरबेन, एने पासे ना आववा देशो. त्याला जवळ येऊ देऊ नका,” तो म्हणाला. “पानं फाडून नेईल. चोर माणूस आहे.”

मला पटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगीच? एवढ्या वर्षांनी इतिहास छापला जातोय हे कळल्यावर माणूस नेमकं बारावंच पान मागतो, म्हणजे तिथे त्याच्याविरुद्ध काहीतरी असणार. मी रजिस्टर क्लिनिकमधून घरी नेलं आणि साड्यांच्या कपाटात ठेवलं.

चौथ्या दिवशी भिला आला नाही. वैशाली आली. वैशालीला मी पाच वर्षं ओळखते. गोडादऱ्यात दोन खोल्यांत ती कुत्र्यांना आंघोळ घालण्याचं, केस कापण्याचं, मालक गावाला गेले की सांभाळण्याचं काम करते. लस टोचायला माझ्याकडेच आणते. हात असा की चावरं कुत्रंही तिच्या पुढ्यात गप उभं राहतं. तिची एकच इच्छा होती, शोमध्ये हँडलर व्हायची. हँडलर म्हणजे रिंगमध्ये कुत्रा चालवून दाखवणारा. निम्मा नंबर त्याच्या हातात असतो. कामरेजच्या एका मालकानं तिला आपला डॉबरमन द्यायचं कबूलही केलं होतं. पण क्लबकडे तीनदा अर्ज केला, तीनदा परत आला. कारण कधी कळवलं नाही.

“मॅडम, पप्पांना एकदा पान बघू द्या ना,” ती म्हणाली.

“पप्पा? भिला तुझे वडील?”

“हो.”

मग मला हिचाही संशय आला. पाच वर्षं गोड बोलून राहिली, तीही यासाठीच का? रजिस्टर माझ्याकडे आहे हे तिनंच पाहिलं असणार, वह्या आल्या त्या दिवशी ती पामेरियन घेऊन आली होती. मी तिला तोडून बोलले. म्हणाले, “तुझ्या वडलांना काय लपवायचं आहे ते आधी विचारून ये.”

 ती पामेरियनच्या बिलाचे पैसे टेबलावर ठेवून गेली. मला आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

रविवारी दुपारी मी ठरवलं, तो जे फाडणार होता ते आपण आधी वाचू. जेवणाच्या टेबलावर रजिस्टर उघडलं. बाराव्या शोचं पान अगदी साधं होतं. नंबर, नाव, जात, मालक, ठसा. बादशाहचा ठसा सुंदर आला होता, दाणा न् दाणा स्वच्छ. भिलाविरुद्ध एक अक्षर नाही. मग याला हवंय काय? पाणी कुठंतरी मुरत होतं, पण कुठं ते दिसेना.

मी मागची पानं काढली. दहाव्या आणि अकराव्या शोमधले बादशाहचे ठसे पाहिले. मोबाइलवर फोटो काढून मोठे केले. उजव्या नाकपुडीजवळ तीन मोठे दाणे त्रिकोणात, खाली मधल्या रेघेला हलका बाक. दोन्ही वर्षी तेच. बाराव्या वर्षी त्रिकोण नाही. रेघ सरळ.

मी चष्मा पुसला, परत पाहिलं. त्रिकोण नाहीच.

पहिला विचार काय आला सांगू? ठसे घेणारा कोण, भिला. म्हणजे यानंच मालकाला गोत्यात आणायला दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचं नाक छापलं. मनात एकदा माणूस चोर ठरला की सगळी बोटं त्याच्याकडेच वळतात. पण नाक आणलं कुठून? नियमाप्रमाणे शोत आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा ठसा रजिस्टरमध्ये होता. मी अकरावा शो पहिल्यापासून बघायला घेतला. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्या पानावर सापडलं. तीच सरळ रेघ, तीच नक्षी. समोर नाव होतं, नवाब.

जो कुत्रा भिलानं महिनाभर आधी विकला असं मिटिंग बुक सांगत होतं, त्याच कुत्र्याचं नाक बाराव्या शोच्या दिवशी रजिस्टरमध्ये होतं. बादशाह या नावापुढे.

तरी मी लगेच पाघळले नाही. सोमवारी वैशालीला फोन केला, वडलांना घेऊन ये म्हटलं. रजिस्टर टेबलावर ठेवलंच नाही. भिलाला बसवलं आणि सरळ विचारलं, “बाराव्या शोला बादशाहचं नाक तुम्ही छापलं?”

तो इतका वेळ माझ्याशी जपून मराठी बोलत होता. आता त्याची अहिराणी बाहेर आली. माझे वडीलही धुळ्याकडूनच इथे लूमवर कापड विणायला आलेले, मला कळते.

“बादशाहनं नही, ताई. बादशाह तं मरी जायेल व्हता. शोना एक महिना पहिले.”

“कसा मेला?”

“सकायले जेवना. मंग इकडून तिकडे चाले, बसेच ना. वांती करू पाहे, पन निस्ता फेस ये. पोट ढोलना मायक टंच. मी शेठले सांगं, डॉक्टर बोलावा. डॉक्टर येस तवलोंग दुपारले गया. मना मांडीवरच गया.”

मोठ्या छातीच्या कुत्र्यांना हे होतं. भरल्या पोटी जठर फुगतं आणि पीळ पडतो. ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही. तासाभरात ऑपरेशन झालं नाही तर कुत्रा जातो. आम्हाला हे कॉलेजात पुस्तकातून शिकवलं. शाळा न शिकलेला माणूस खोटं सांगताना इतकी बरोबर लक्षणं क्रमानं सांगणार नाही. माझा संशय तिथे संपला.

बाकी त्यानं सांगितलं ते असं. तिसरं वर्ष होतं, कप कायमचा घरी येणार होता. शेठनी बादशाहला बंगल्यामागे पुरलं आणि नवाबला बादशाह म्हणायला सांगितलं. दोघं दिसायला सारखे. नवाब भिलाशिवाय कुणाच्या हातात चालत नव्हता, म्हणून शोपर्यंत भिलाला ठेवून घेतलं. शो जिंकला. मग लोक विचारायला लागले, नवाब कुठे आहे? आठव्या दिवशी भिला चोर झाला.

“तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलनू. कमिटीले सांगं, रजिस्टर पाहा. कोनी कपाट उघाडं नही. आनि ताई, मी बी धुयेल तांदूय नही. रिंगमा मीच त्याले बादशाह म्हनीसन चालाडं. नोकरी जाई म्हनीसन चूप ऱ्हायनू.”

“मग ठसा खरा का छापला?”

भिला पहिल्यांदा हसला. बंगल्यावर येण्याआधी तो साड्यांच्या कारखान्यात टेबलावर हातानं ठसे मारून प्रिंटिंग करायचा.

“शेठ म्हने, पुसट छाप. मी दोनदा प्रयत्न करा. मना हातथाईन पुसट येच नही.”

वैशाली खिडकीबाहेर बघत होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, तोंडावर होतं. मांजानं पंख कापलेली कबुतरं टोपल्यांतून येत होती, मान वर करायला फुरसत नव्हती. तरी मी दुपारचा एक तास काढून सचिनला जयंतभाईच्या ऑफिसात गेले. दोन्ही ठसे मोठे करून कागदावर काढून घेतले होते. समोर ठेवले आणि कुठला कुणाचा ते सांगितलं.

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “जूनी वात छे, बेन. बापूजी गेले. आता उकरून काय मिळणार?”

“बापूजी गेले. भिला आहे. त्याची मुलगी आहे. तिचा अर्ज तुम्ही तीनदा परत पाठवलाय.”

“ठराव आहे ना.”

“ठराव खोटा आहे. शोच्या एंट्रीच्या कागदांवर माझी सही लागते, जयंतभाई. खोट्या ठरावाच्या क्लबसाठी मी यंदा सही करणार नाही.”

मला वाटलं, आता चिडेल. तो चिडला नाही. ठशाच्या कागदावर बोट फिरवत बसला. मग गुजरातीत सांगू लागला, हळू आवाजात. तो तेव्हा सात वर्षांचा होता. नवाब त्याचा लाडका. नवाब चोरीला गेला असं कळल्यावर दोन दिवस जेवला नाही. एकदा बागेत बसून रडत रडत त्यानं ‘नवाब, नवाब’ अशी हाक मारली, तर बादशाहच धावत आला आणि त्याचं तोंड चाटू लागला. तो पळत बापूजींना सांगायला गेला. बापूजींनी त्याला कानफटात मारली.

“आयुष्यात एकदाच मारलं मला,” तो म्हणाला. “का मारलं, ते आज समजलं.”

मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. 

शेवटी तो तडजोडीवर आला. बंदी उठवतो, वैशालीला कार्ड देतो, पण पुस्तकात बापूजींविरुद्ध एक ओळ नको. मी म्हटलं, भिलाला विचारते. मला ते पटलं नव्हतं. चाळीस वर्षं चोर म्हणवून घेतलेल्या माणसाला गुपचूप कार्ड देऊन वाटेला लावायचं, हे कुठलं शहाणपण?

भिलानं ऐकून घेतलं. विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही.

“शेठनं नाव खराब नका करू. मेल्या मानूसशी काय भांडनं. फक्त बाराव्या शोना पुढे कुत्रानं खरं नाव लिखा. नवाब. जितेल तं तोच शे ना. त्याले कधी कोनी नावघाई शाबासकी दिधी नही.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. पुस्तकात बाराव्या शोचा विजेता नवाब छापला, की तो चोरीला गेलाच नव्हता हे आपोआप सिद्ध. कुणावर आरोप नाही, कुणाची माफी नाही. वकिलालाही सुचलं नसतं. भिलाच्या मनात वकिली नव्हती, त्याच्या मनात कुत्रा होता.

जयंतभाईला मी मजकूर वाचून दाखवला. ‘बारावा शो. बेस्ट इन शो : नवाब. हँडलर : भिला.’ तो हुशार माणूस. या दोन ओळींचा अर्थ काय होतो ते त्याला बरोबर कळलं. पेन काढून त्यानं खाली सही केली. कमिटीत ठराव रद्द व्हायला पाच मिनिटं लागली. कुणी कारण विचारलं नाही. चहा आलेला होता.

नियमानं एकाच कुत्र्यानं तीनदा जिंकायला हवं, म्हणजे कपही आता त्यांचा राहिला नव्हता. ते मी बोलले नव्हते. शोच्या सकाळी जयंतभाईनं तो स्वतः गाडीतून आणला, बक्षिसांच्या टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांचं स्वागत करायला निघून गेला.

त्या दिवशी एंट्रीच्या टेबलावर मी बसले होते. प्रत्येक कुत्र्याच्या मानेवर स्कॅनर फिरवायचा. चिप असली की बीप वाजतं आणि पंधरा आकडी नंबर दिसतो. बीप, टिक, पुढचा. रांग झरझर सरकत होती. वैशाली कामरेजचा डॉबरमन घेऊन आली. मागे भिला, नवा शर्ट घालून. मी स्कॅनर फिरवला. बीप वाजलं. मी टिक केली.

“ताई,” भिला म्हणाला, “कागदवरना नंबर पाह्या का?”

मी वर पाहिलं. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी पाहिला नव्हता. त्या दिवशीही नाही आणि त्याआधीच्या कुठल्याच वर्षी नाही. बीप वाजलं की माझं काम झालं असं मी समजत आले होते. मोठ्या शेठच्या कमिटीनं वर्षानुवर्षं ठसे घेतले आणि कुणी एकदाही ताडून पाहिले नाहीत, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात किती नावं ठेवली होती.

मी स्कॅनर परत फिरवला. वैशालीनं कागद पुढे धरला. भिलासमोर मी पंधराही आकडे मोठ्यानं वाचले. जुळले.

वैशालीचा डॉबरमन त्याच्या जातीत दुसरा आला. पहिल्या वर्षी दुसरा म्हणजे काही वाईट नाही. हल्ली मी प्रत्येक कुत्र्याचे पंधराच्या पंधरा आकडे कागदाशी ताडून बघते. रांग मैदानाच्या गेटपर्यंत जाते आणि लोक माझ्या नावानं बोटं मोडतात.